कशाने लागलं, कधी लागलं? नकली जखमांविषयी वाचकांचे प्रश्न

लघुपट स्पर्धा आणि महाविद्यालयांचे प्रकल्प जवळ आले की या सदराकडे जखमांचे प्रश्न येऊ लागतात. बहुतेकांना आधी साहित्याची यादी हवी असते. आम्ही मात्र प्रत्येकाला दोन गोष्टी विचारतो: पात्राला कशाने लागलं? आणि कॅमेरा सुरू होतो तेव्हा लागून किती वेळ झालेला आहे? संहितेत याची उत्तरं नसतील तर दिग्दर्शकाकडून मिळवा. जखमेची खोली, तिच्या कडा, रंग आणि रक्ताचं प्रमाण त्यावरूनच ठरतं, आणि साहित्य सगळ्यात शेवटी.

प्रश्न: आमच्या लघुपटात वयस्कर मास्तर जिन्यावरून पडतात आणि त्यांचं कपाळ दगडी पायरीवर आपटतं. शॉट क्लोजअप आहे. आम्ही स्कार वॅक्सने (नकली जखमा घडवायच्या मऊ मेणाने) खोक केली, पण ती वरून चिकटवल्यासारखी दिसते. काय चुकतंय? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

बहुधा तीन गोष्टी चुकताहेत: वॅक्स जास्त घेतलंय, कडा जाड राहिल्यात आणि खोक सुरीने चिरल्यासारखी सरळ केलीय.

दगडावर आपटून फुटलेलं कपाळ आणि सुरीने कापलेलं कपाळ यांत मोठा फरक असतो. बोथट वस्तूचा मार बसला की कातडी हाडावर दाबली जाऊन फाटते. म्हणून कडा वेड्यावाकड्या होतात, आजूबाजूचा भाग खरचटतो, सुजतो आणि जांभळट होतो. खोकेच्या आत काही तंतू या कडेपासून त्या कडेपर्यंत न तुटता राहिलेले असतात. धारदार शस्त्राच्या जखमेत हे तंतू नसतात. क्लोजअपमध्ये हाच तपशील कामाला येतो.

कपाळ अ‍ॅस्ट्रिंजंटने पुसून कोरडं करा. स्पिरिट गमचा (त्वचेवर चिकटवायच्या मेकअपच्या डिंकाचा) पातळ थर लावा आणि तो बोटाने टपटप करत चिकट होऊ द्या. ओल्या गमवर वॅक्स ठेवलं तर ते घसरतं. भिजलेल्या हरभऱ्याएवढे दोन गोळे वॅक्स पुरे. ते तळहातावर मळून मऊ करा, मधोमध दाबा आणि बाहेरच्या दिशेने पसरवा. बोटाला व्हॅसलीनचा अगदी पुसट हात असू द्या, जास्त लागलं तर वॅक्स सुटून येतं. मध्यभागी उंची तीन-चार मिलिमीटर असावी आणि कडा त्वचेत विरून जावी. कडा विरली की नाही हे समोरून कळत नाही. मोबाइलचा टॉर्च गालाच्या बाजूने आडवा धरा, पायरी दिसली तर अजून काम बाकी आहे. मग ओल्या स्टिपल स्पंजने (मोठ्या छिद्रांच्या खरखरीत स्पंजने) हलकेच दाबून रंध्रांचा पोत उठवा. गुळगुळीत वॅक्स फाउंडेशन लावल्यावरही वॅक्सच दिसतं.

त्यावर सीलरचे (वाळून पातळ पापुद्रा धरणाऱ्या द्रवाचे) दोन पातळ हात द्या, मधे वाळू द्या. आता बोथट स्पॅच्युलाने खोक उघडा. ब्लेड किंवा कटर चेहऱ्याजवळ आणायचंच नाही. रेष सरळ न नेता एक-दोन ठिकाणी फाटा फोडा आणि कडा किंचित उचला. कापसाचे चार-पाच तंतू लिक्विड लेटेक्समध्ये (द्रव रबरात) ओढून खोकेत आडवे टाका. लेटेक्स ओलं असताना डोळ्यांपासून लांबच ठेवा, त्यातल्या अमोनियाने डोळे झोंबतात.

रंग आतून बाहेर भरा: तळाला काळपट मरून, भिंतींना गडद लाल, कडेला जांभळट आणि सुजेवर तपकिरीत मिसळलेला लालसर. बाहेरून फाउंडेशन अभिनेत्याच्या कपाळाच्या रंगाचं हवं. गालाचा रंग बहुधा वेगळा असतो. खोकेच्या तळाशी घट्ट रक्त भरा आणि अगदी शेवटी ड्रॉपरने पातळ रक्त सोडा. कपाळ आणि डोकं फुटलं की रक्त भरपूर येतं, त्यामुळे इथे हात आखडू नका. पण ओघळ चेहऱ्याच्या स्थितीप्रमाणे हवेत. मास्तर पालथे पडले असतील तर रक्त नाकाकडे आणि भुवईकडे जाईल, उताणे असतील तर कानाकडे. आधी उताणे आणि नंतर उठून बसले, तर दोन्ही दिशांचे ओघळ दिसले पाहिजेत.

भुवयांच्या मधोमध, ओठांच्या कोपऱ्यात, कोपरावर वॅक्स वापरू नका. तिथली त्वचा सतत हलते आणि वॅक्स तडकतं. त्या जागी लेटेक्स किंवा सिलिकॉन घ्या.

प्रश्न: घरी केलेलं रक्त डोळ्यांना छान दिसतं, पण कॅमेऱ्यात गुलाबी सरबतासारखं येतं. शिवाय सेटवर मुंग्या! (छायालेखन विद्यार्थी, पुणे)

गुलाबी दिसण्याचं कारण असं की खाद्यरंग पारदर्शक असतो. थर जाड असला की तो लाल दिसतो, पातळ पसरला की खालची त्वचा किंवा शर्ट त्यातून दिसतो आणि लालाचा गुलाबी होतो. खरं रक्त त्या मानाने अपारदर्शक असतं. बाजारातल्या काही लाल रंगांना मुळातच निळसर झाक असते, ती पातळ थरात उघडी पडते.

बेकरीचं साहित्य विकणाऱ्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं, ते २०० मिली घ्या. एक सपाट चमचा कोको पावडर आणि एक चमचा कॉर्नफ्लोअर आधी ५० मिली गरम पाण्यात गुठळी न राहता कालवा आणि मग ग्लुकोजमध्ये मिसळा. कोको थेट ग्लुकोजमध्ये टाकला तर त्याच्या गाठी कितीही घोटून मोडत नाहीत. आता पातळ लाल खाद्यरंग एक चमचा घालून बघा. ब्रँडनुसार तीव्रता बदलते, म्हणून पुढचा थोडा-थोडा वाढवा. एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकून बोटाने ओढा आणि जिथे थर सगळ्यात पातळ आहे तिथे बघा. तिथे गुलाबी छटा असेल तर पिवळ्या रंगाचे दोन-तीन थेंब टाका, नारिंगी झाला तर निळ्याचा एक. ही चाचणी ज्या कॅमेऱ्याने आणि ज्या दिव्यांखाली शूट आहे तिथेच करा. भडक लाल रंग डिजिटल कॅमेऱ्यात पटकन सपाट होतो, त्यातली चकाकी आणि खोली नाहीशी होते. म्हणून डोळ्यांना जरा जास्तच काळपट वाटेल असं रक्त पडद्यावर बरोबर उतरतं.

जखमेचं वय इथेही महत्त्वाचं. साखरेचं रक्त कधी वाळत नाही, तासाभरानेही ओलंच चमकतं. त्यामुळे कालची जखम दाखवायला ते निरुपयोगी. वाळलेल्या रक्तासाठी ग्लुकोज वगळा. लाल-तपकिरी अल्कोहोल कलर (अल्कोहोलमध्ये विरघळणारा मेकअपचा रंग) स्टिपल स्पंजने तुटक लावा, किंवा पाण्यात कोको आणि लाल रंग दाट कालवून पातळ थर देऊन वाळवा. वाळलेलं रक्त तपकिरी दिसतं, आणि हालचालीच्या जागी त्याला भेगा पडतात.

तोंडातून येणाऱ्या रक्ताची बाटली वेगळी ठेवा, तिच्यावर ठळक लिहा आणि ती त्याच दिवशी बनवा. अभिनेत्याने ते थुंकायचं, गिळायचं नाही. इंटरनेटवर डिक स्मिथ या अमेरिकन मेकअपकाराचा रक्ताचा जुना फॉर्म्युला फिरतो. तो दिसायला उत्तम आहे, पण त्यात फोटो धुताना वापरायचं फोटो-फ्लो हे रसायन असतं. ते रक्त तोंडात घालायचं नाही.

कपड्यांवरचे डाग निघावेत म्हणून बाहेरून लावायच्या रक्तात भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब टाकतात. त्याने डाग सौम्य होतो, पूर्ण जाईलच असं नाही. शर्टाचे तीन जोड घ्या. मुंग्यांचं म्हणाल तर गोड रक्ताला त्या लागणारच. फरशीवर सांडण्यापूर्वी प्लॅस्टिक अंथरा, बाटली पाण्याच्या ताटलीत उभी करा आणि टेकनंतर लगेच ओल्या फडक्याने पुसा. उरलेलं फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहतं, पुढे आंबतं.

प्रश्न: मे महिन्यात रत्नागिरीजवळ शूट आहे. जिलेटिनची जखम तासाभरात सुटून आली. नागपूरच्या मित्राची उलट आक्रसली. रेसिपी एकच होती. (कला दिग्दर्शन सहायक)

एकच रेसिपी असल्यामुळेच हे झालं. साध्या मिश्रणात एक चमचा जिलेटिन, एक चमचा ग्लिसरीन आणि एक चमचा गरम पाणी असतं. ग्लिसरीन हवेतली वाफ ओढून घेतं. कोकणातल्या दमट हवेत ते ओलं आणि चिकट होत जातं, त्यात खालून घाम आणि वरून ऊन. विदर्भाच्या कोरड्या उन्हात मिश्रणातलं पाणी उडतं आणि तुकडा आकसून कडा वर वळतात.

कोकणासाठी जिलेटिन दीड चमचा करा आणि पाणी अर्ध्यावर आणा. कोरड्या हवेसाठी ग्लिसरीन थोडं वाढवा. जिलेटिन पाण्यात आणि ग्लिसरीनमध्ये आधी दहा मिनिटं फुगू द्या, मग गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून विरघळवा. मायक्रोवेव्ह असेल तर दहा-दहा सेकंदांनी काढून बघा. उकळी आली की फेस होतो, बुडबुडे पडतात आणि पकडही कमी होते. त्वचेवर थेट ओतणार असाल तर आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा. गरम जिलेटिन चिकटतं आणि पुसून निघत नाही, म्हणून त्याचा चटका पाण्यापेक्षा वाईट.

त्याहून बरं म्हणजे आदल्या दिवशी गुळगुळीत फरशीवर किंवा साच्यात पातळ तुकडे ओतून ठेवा. त्यांच्या मागच्या बाजूला सीलरचे दोन हात द्या, म्हणजे घाम थेट पोचत नाही. तुकडे झिपच्या पिशवीत घालून आइसबॉक्समध्ये न्या, प्रत्येक दृश्याला एक जादा. जखमेचा शॉट सकाळी लवकर ठेवायला दिग्दर्शकाला गळ घाला. एवढं करूनही भर उन्हात दोन-तीन तास काढायचे असतील तर जिलेटिनचा नाद सोडा आणि दोन भागांचं प्लॅटिनम सिलिकॉन घ्या. ते घामाने विरघळत नाही. मात्र लेटेक्सचे हातमोजे घालून कालवलं तर ते जमतच नाही, चिकट राहतं. नायट्राइलचे हातमोजे वापरा. उन्हाळ्यात ते ठरलेल्या वेळेपेक्षा लवकर घट्ट होतं, म्हणून एका वेळी अर्धा चमचाच कालवा.

एक गोष्ट आधीच विचारून घ्या. जिलेटिन जनावरांच्या कातडीपासून आणि हाडांपासून बनतं. शाकाहारी किंवा जैन कलाकाराला हे सांगितल्याशिवाय त्याच्या अंगावर, विशेषतः ओठांजवळ, लावू नये. चायना ग्रासचं करता येईल का, असं बरेच जण विचारतात. येत नाही. ते ठिसूळ होतं आणि चेहरा हलला की तुटतं. अशा वेळी वॅक्स किंवा सिलिकॉन घ्या.

प्रश्न: नायिकेला मारहाण होते आणि गोष्ट आठ दिवस चालते. डोळ्याखालचा वळ रोज वेगळा दिसायला हवा. ती सावळी आहे. यूट्यूबवर बघून केलेला वळ तिच्यावर मेकअप फासल्यासारखा दिसतो. (दिग्दर्शिका, मुंबई)

त्या चित्रफितींतले बहुतेक चेहरे गोरे असतात. गोऱ्या त्वचेवर ताजा मार लाल दिसतो आणि जुना पिवळा. सावळ्या त्वचेवर तोच लाल तपकिरीत बुडून जातो आणि पिवळा जेमतेम जाणवतो. तिथे लाल-पिवळा रंग फासला तर तो त्वचेच्या वर तरंगतो. तुमच्या नायिकेसाठी मुख्य रंग गडद वाइन, जांभळा आणि काळपट तपकिरी.

मारानंतर पहिल्या काही तासांत रंगापेक्षा सूज बोलते. खालच्या पापणीखाली हलकी चमक आणि सुजेच्या कडेला गडद सावली दिली की डोळा सुजलेला वाटतो. पहिल्या तीन दिवसांत वळ निळा-जांभळा, चौथ्या दिवशी काळपट तपकिरी, पाचव्या-सहाव्याला हिरवट आणि साधारण सातव्यापासून पिवळसर, असा न्यायवैद्यकातला ढोबळ क्रम आहे. सावळ्या त्वचेसाठी हिरवा म्हणजे ऑलिव्ह आणि पिवळा म्हणजे मोहरीच्या रंगाकडे झुकलेला तपकिरी घ्या. वळ बाहेरच्या कडेपासून मधल्या भागाकडे निवळतो, म्हणून सहाव्या दिवशीही मध्यभागी जांभळट ठिपका राहू द्या. रक्त गुरुत्वाने खाली उतरतं. डोळ्याजवळचा मार दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गालाच्या वरच्या भागावर सांडलेला दिसतो. आठही दिवस वळ एकाच जागी, एकाच आकारात ठेवला की प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण खटकतं.

ब्रशने सलग रंग भरू नका. क्रीम रंग स्टिपल स्पंजला लावून आधी हाताच्या पाठीवर टिपा आणि मग त्वचेवर दाबा. प्रत्येक रंग तुटक लावा, म्हणजे खालचा दिसत राहतो. कडा कोरड्या बोटाने विरवा. पावडर रंगहीन घ्या. पांढऱ्या पावडरीने सावळ्या चेहऱ्यावर राखाडी थर चढतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

खरचटण्याचं मात्र उलट आहे. सावळ्या त्वचेचा वरचा थर निघाला की आतली गुलाबी त्वचा फार उठून दिसते. तिथे गुलाबी रंग धीटपणे वापरा, आणि बरं होताना तीच जागा आजूबाजूपेक्षा काळी पडू द्या.

प्रश्न: लिक्विड लेटेक्स महाग पडतं. फेविकॉल आणि टिश्यू पेपर चालेल का? लाल रंगासाठी कुंकू? (वाचक, लातूर)

चेहऱ्यावर नको. फेविकॉल त्वचेसाठी बनवलेला नाही आणि तो वाळताना आवळतो. फेविक्विक तर कोणत्याही परिस्थितीत नाही, तो त्वचा एकमेकीला चिकटवतो आणि डोळ्याजवळ गेला तर इजा करतो. कुंकू, शेंदूर आणि होळीचे रंगही टाळा. काही शेंदरांत शिसं असतं, आणि जखमेचा रंग ओठांपर्यंत ओघळतोच. पैसे वाचवायचे असतील तर लेटेक्सची लहान बाटली घ्या. एका जखमेला एक-दोन चमचेच लागतात.

लेटेक्स वापरण्याच्या किमान एक दिवस आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा थर लावून बघा. रबराचे हातमोजे किंवा फुगे ज्यांना सोसत नाहीत त्यांच्यावर तर चाचणीसाठीसुद्धा लावू नका. भुवई, दाढी, हातावरची लव यांवर आधी व्हॅसलीन किंवा ओल्या साबणाचा थर द्या, नाहीतर काढताना केस मुळासकट येतात. टिश्यूचा एकच पदर सुटा करून फाडून लावा. कात्रीने कापलेली सरळ कड कॅमेऱ्यात ओळखू येते. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या, हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवा. लेटेक्स वाळताना आकसतं आणि गडद होतं, म्हणून रंग वाळल्यानंतरच जुळवा. तेलकट क्रीम रंगाने लेटेक्स कालांतराने मऊ पडतं, एका दिवसाच्या कामाला मात्र चालतं.

प्रश्न: हल्लेखोर सुरी फिरवतो आणि हातावर रक्ताची रेघ उमटते, हे कट न करता दाखवायचंय. (विद्यार्थी गट, नाशिक)

हातावर जखम करायची नाही, रक्त सुरीतून आणायचं. सुरीची धार आणि टोक कानशीने घासून गोल करा. शक्य असेल तर पातं प्लॅस्टिकचंच घ्या. औषधाच्या दुकानात सलाइनला जोडायची बारीक एक्स्टेंशन लाइन आणि ५० मिलीची सिरिंज मिळते. सलाइनच्या सेटची नेहमीची नळी जाड असते, ती दिसते. बारीक नळी पात्याच्या कॅमेऱ्याकडे न येणाऱ्या बाजूला टेपने चिकटवा, तोंड धारेशी आणि टोकापासून साधारण दोन सेंटिमीटर मागे आणा. नळी मुठीतून बाहीत आणि बाहीतून चौकटीबाहेर सिरिंज धरलेल्या माणसापर्यंत न्या.

वर सांगितलेलं रक्त तेवढ्याच पाण्याने पातळ करा आणि मलमलीच्या फडक्यातून गाळा. कोकोचा एक कण नळी तुंबवायला पुरतो, आणि तुंबलेल्या नळीवर जोर दिला की रक्त एकदम पिचकारीसारखं उडतं. टेकपूर्वी नळीतली हवा काढा. बुडबुडा राहिला तर रेघ मधेच तुटते. सुरी फिरवताना दाब फक्त हाताला जाणवेल इतका हवा, आणि सिरिंजवाल्याने तीन-चार मिली सावकाश सोडायचे. या दोघांची कोरडी तालीम भरपूर करा. हालचाल आणि दाब यांचा मेळ बसला नाही तर रक्त सुरीच्या पुढे धावतं.

स्वतःला वाचवायला हात वर केला असेल तर वार बहुधा करंगळीच्या बाजूने, कोपर ते मनगट या भागावर बसतो, तिथेच रेघ ओढा. कॅमेरा चेहऱ्याकडे वळला की हातावर आधीच तयार ठेवलेली सिलिकॉनची चीर चढवा. ती सरळ, स्वच्छ कडांची आणि मधोमध सगळ्यात रुंद हवी. तिच्याभोवती सूज आणि वळ नको.

प्रश्न: कढईतलं तेल उडून हात भाजतो. आम्ही लेटेक्सवर भरपूर रक्त लावलं, तर परीक्षक म्हणाले हे भाजल्यासारखं वाटत नाही. (विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर)

परीक्षकांचं बरोबर आहे. भाजलेल्या जागेतून रक्त वाहत नाही, लस पाझरते. सगळं रक्त पुसा आणि आकाराचा विचार करा. तेल उडतं तेव्हा गोल ठिपके आणि खाली ओघळलेल्या लांबट पट्ट्या उमटतात. बाही जिथे संपते तिथे भाजल्याची सीमाही सरळ थांबते.

आधी त्या आकारांत गुलाबी-लाल रंग कमी-जास्त लावा, सगळीकडे सारखा नको. फोडांसाठी रंग न घातलेल्या कोमट जिलेटिनचे थेंब काडीने ठेवा, मोहरीपासून वाटाण्यापर्यंत वेगवेगळ्या मापांचे, काही एकमेकांत मिसळलेले. फुटलेल्या फोडासाठी टिश्यूचा एक पदर लेटेक्सने चिकटवा, वाळल्यावर मध्यभागी चिमट्याने फाडा आणि कड मागे गुंडाळा. आतली जागा उजळ गुलाबी रंगवा आणि ग्लिसरीनमध्ये पिवळ्या रंगाचा अंश कालवून तिथे लस चमकवा. फोडाची सुटलेली कातडी पांढुरकी ठेवा. खूप खोल भाजलेली जागा पांढरट किंवा कोळशासारखी, कोरडी आणि चामड्यासारखी दिसते, पण उडालेल्या तेलाने सहसा एवढं होत नाही.

गावाकडच्या गोष्टीत कोणी जखमेवर हळद दाबली तर ते खरं वाटतं. सेटवर मात्र खरी हळद नको. ती लेटेक्सला आणि सिलिकॉनला डाग पाडते आणि दुसऱ्या टेकला पुसता येत नाही. कॉर्नफ्लोअरमध्ये पिवळी-तपकिरी आयशॅडो मिसळा.

प्रश्न: काचेचा तुकडा रुतलेला दाखवायचाय. खरी काच बोथट करून चालेल? (वाचक, ठाणे)

नाही. दोन मिलिमीटरची पारदर्शक अ‍ॅक्रिलिक शीट कापा, कडा पॉलिश पेपरने घासा आणि वॅक्समध्ये तिरकी बसवा. अ‍ॅक्रिलिक जिथून त्वचेत शिरतं तिथे गडद रक्ताची बारीक रेघ द्या. काच रुतलेली असेपर्यंत रक्त कमी येतं, ओघळ ती उपसल्यानंतर. अशा जखमा घेऊन रस्त्यावर शूट असेल तर परवानगीबरोबरच जवळच्या पोलीस चौकीत आधी कळवा आणि टेकच्या मधल्या वेळात कलाकाराच्या अंगावर शाल टाका. रक्ताळलेला माणूस बघून लोक मदतीला धावतात, आणि ते योग्यच आहे.

प्रश्न: तीन दिवस शूट, दृश्यं उलटसुलट क्रमाने. जखम रोज तशीच कशी आणायची? आणि रोज काढायची कशी? (मेकअप सहायिका, सोलापूर)

हाताने रोज नवी घडवलीत तर ती तशीच येणार नाही. पहिली जखम मातीत घडवून तिचा साचा करा आणि प्रत्येक दिवसाचे तुकडे त्याच साच्यातून ओता. साचा परवडत नसेल तर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद चेहऱ्यावर ठेवून भुवई, नाक आणि केसांची रेषा आखा, जखमेची बाह्यरेषा काढा आणि दुसऱ्या दिवशी तोच कागद ठेवून जागा पकडा. फोटो समोरून, दोन्ही बाजूंनी आणि जवळून काढा, रोज एकाच उजेडात, आणि टेक संपल्यानंतरसुद्धा. रक्त टेकदरम्यान पसरतं, पुढचा शॉट त्या पसरलेल्या रक्तापासून सुरू होणार असतो. वहीत दृश्य क्रमांकासमोर 'लागून किती वेळ' हा रकाना ठेवा. उलटसुलट शूटमध्ये तोच तुम्हाला वाचवतो.

काढताना ओढू नका. स्पिरिट गमला त्याचा रिमूव्हर ब्रशने कडेखाली सोडा आणि तुकडा आपोआप सुटेपर्यंत थांबा. वॅक्स आधी स्पॅच्युलाने उचला, उरलेलं कोल्ड क्रीमने पुसा. लेटेक्सखाली खोबरेल तेल झिरपू द्या आणि कोमट पाण्याच्या फडक्याने गुंडाळत आणा. अल्कोहोल कलर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतात, पण ते ज्वलनशील आहे, जवळ निरांजन, सिगारेट किंवा गरम ड्रायर नको, आणि डोळ्यांभोवती तर ते वापरूच नका. तिथे तेलकट रिमूव्हर घ्या. काढायला लावण्याच्या निम्मा तरी वेळ राखून ठेवा आणि तो कॉल शीटवर (शूटच्या दिवसाच्या वेळापत्रकावर) लिहून घ्या, नाहीतर पॅकअपच्या घाईत कोणीतरी कड धरून ओढतोच. चेहरा धुतल्यावर साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर लावायला द्या. सकाळी त्या जागी पुरळ किंवा लाली दिसली तर त्या दिवशी तिथे काहीही चिकटवू नका. दिग्दर्शकाला लगेच सांगा, म्हणजे तो पाठमोरे किंवा दुसऱ्या बाजूचे शॉट आधी घेऊ शकेल.